नमिताची लादी

दिपेशने फ्रीजरमधून बिस्किटाच्या पिठाची लादी दोन्ही हातांनी बाहेर काढली, ओट्यावर ठेवली, बटर पेपर उलगडला आणि कडेला अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं. अंगठा पेरभर आत गेला.

"आई, मऊ पडली," तो म्हणाला.

सखूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सकाळी दहाला कोपऱ्यावर रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली, तेव्हापासून तिने फ्रीज उघडला नव्हता. वर दोन गोधड्या मात्र टाकून ठेवल्या होत्या. आता चार वाजत आले होते. ऑक्टोबरचा उकाडा भिंतींतून घरात शिरला होता. एरवी झोपेतही कानात घरघरणारे, गावाला लागून असलेल्या पावणे एमआयडीसीतले कारखाने एकजात गप्प होते. पंखा बंद, वरच्या भाडेकरूंचा टीव्ही बंद. सगळं घर कोणाची तरी चाहूल घेत बसल्यासारखं झालं होतं.

दिपेश न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डातून अर्धी रजा टाकून आला होता. येताना मोटरसायकलला बर्फाची पिशवी बांधली, तिचं बेलापूर येईस्तोवर पाणी झालं. पिठाच्या लादीसाठी कोणी रजा टाकतं का, असं साहेबाने विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, देव जाणे.

लादी त्याच्या बायकोची होती, नमिताची. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिने ऑर्डरची बिस्किटं करायला घेतली. चार लाद्या थापल्या, तीन भाजल्या, चौथी उद्यासाठी फ्रीजरमध्ये ठेवली आणि त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. डेंग्यूने तिला नवव्या दिवशी नेलं. लादीवर तिच्या चार बोटांचे ठसे राहिले, थापता थापता शेवटी उमटलेले. लोक बाईच्या फोटोला हार घालतात. दिपेश दर रविवारी फ्रीजर उघडायचा, ठशांवरचं बर्फ फुंकरीने उडवायचा, एकेका ठशाला बोट टेकवायचा आणि दार लावायचा. मायलेकांत याविषयी एक शब्द होत नसे.

बिस्किटं मूळची हॉलंडची. नमिता बेलापुरात एका शिपिंग ऑफिसात कामाला होती. तिथल्या डच साहेबाच्या बायकोला शनिवारी करमत नसे, म्हणून ती ऑफिसातल्या मुलींना घरी बोलावून बेकिंग शिकवी. मैदा, लोणी, साखर, दालचिनी. वरून बदामाचे काप आणि गारा पडल्यासारखी जाड साखर. अख्खी लादी भाजायची आणि गरम असतानाच सुरीने कापायची. तिकडचं नाव 'यान हागेल'. त्यातला दुसरा शब्द मराठी घरात चारचौघांत उच्चारण्याजोगा नव्हता. नमिताने पहिल्याच दिवशी हसून हसून डोळे पुसले आणि गारांची बिस्किटं असं नाव ठेवून दिलं. जाड साखर मिळेना तेव्हा खडीसाखर खलबत्त्यात कुटली.

सखूबाई तेव्हा हसली नव्हती. "तुज्या मडमेचं तूच खा, माज्या दातान अडकतं," म्हणून तिने बशी परत सरकवली. सुनेला एकदा नाही म्हटलं, मग तेच धरून बसली. टाकलेला शब्द गिळायचा नसतो, हे तिला तिच्या सासूने शिकवलं होतं. नमिताही कमी हट्टी नव्हती. प्रत्येक खेपेला दोन बिस्किटं सासूसाठी वाटीत झाकून ठेवायची, आणि प्रत्येक खेपेला सखूबाई ती वरच्या मजल्यावरच्या मीनाच्या हातावर ठेवून मोकळी व्हायची. चार वर्षांत तिने त्यांचा कणही तोंडात टाकला नाही. आता ते आठवलं की तिला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटे.

दिपेश अजून लादीकडे बघत होता. अंगठ्याने पडलेला खड्डा हळूहळू पसरत शेवटच्या ठशाला भिडला होता.

"भाजूया," तो एकदम म्हणाला.

"नको," सखूबाई म्हणाली. ते इतकं पटकन निघालं की तिने सावरून घेतलं. "लाईट येल आता. ठेव तशीच."

"आठच्या आत येत नाही म्हणालेत. तोवर पाणी होईल हिचं."

"पन लाईटबिगर तुजा ओव्हन चालंल कसा?"

"तू मिठावर नानकटाई करायचीस ना? मी लहान असताना, मोठ्या टोपात. तसंच कर."

खड्या मिठावरची तिची नानकटाई गावभर वाखाणली जायची. मला येत नाही म्हणायची सोय नव्हती.

"फेकायची नाय मला, आई," दिपेश म्हणाला. "तिच्या हातचं शेवटचं आहे. खाऊन टाकू. मग जे व्हायचं ते होऊ दे."

सखूबाईने माळ्यावरून जर्मलचा मोठा टोप काढला. लादी भाजायला तिची ना नव्हती. लादी नमिताची नव्हती, एवढीच अडचण होती.

मे महिन्यात फ्रीजरमध्ये बर्फाचा डोंगर साचला होता. पावसाळ्याआधी साफ करावा म्हणून तिने प्लग काढला, लादी ओट्यावर परातीखाली झाकून ठेवली. तेवढ्यात गल्लीतून पुतण्याच्या हळदीचं बोलावणं आलं. हळद म्हणजे सगळं गाव मांडवात. पाच मिनिटं तोंड दाखवून येते म्हणून ती गेली, कोणी नाचात ओढलं, कोणी ताटावर बसवलं. परत आली तेव्हा परात खाली पडली होती आणि मांजर ओट्यावर बसून निवांत मिशा चाटत होतं.

त्या संध्याकाळी ती रडली नाही. रडायला वेळच नव्हता, दिपेश आठला यायचा. बटर पेपर पुसून घेतला. त्यावर चिकटपट्टी होती, तिच्यावर नमिताच्या अक्षरात 'चौथी' लिहिलेलं. मग तिने डोळे मिटले आणि सून काय काय करायची ते आठवलं. चार वर्षं बिस्किटाला तोंड लावलं नव्हतं, पण नजर एक दिवस हटली नव्हती. सासवांना खोड काढायला का होईना, बघावं लागतं. लोणी किती, मैदा कोणत्या वाटीने, साखर केव्हा, सगळं डोळ्यांना पाठ होतं. तिची स्वतःची बोटं मिठागरावर फावडं ओढून ओढून जाडजूड झालेली, म्हणून तिने ठसे करंगळीने उमटवले. एकच करंगळी, चार वेळा.

त्या रविवारी दिपेशने करंगळीच्या ठशांवर आपलं बोट एकेक करून टेकवलं. सखूबाई मागे देवघरापाशी उभी होती. तिने करंगळी मुठीत लपवली होती.

पुढे तिने दोनदा लादी बदलली, कारण आधीच्या तिला खोट्या वाटल्या. दुपारी दार लावून ती मळत बसायची. आणि तिसऱ्या खेपेला तिच्या ध्यानात आलं, की कपाळावरची बट आपण मनगटाने मागे सारतोय, नमितासारखी. मळून झालं की परातीच्या काठावर दोनदा टिचकी मारतोय. ही टिचकी तिची नव्हतीच. गावात बायकांच्या अंगात येतं तेव्हा केस सोडून घुमतात, चार माणसं हात जोडतात. हिच्या गुपचूप हातांत आलं होतं. भाकरी थापतानाही आता ती हातांकडे बघायचं टाळायची.

हात सगळं शिकले. चव कुठून शिकणार? जे कधी चाखलंच नव्हतं, ते बरोबर झालं की चुकलं, हे सांगणारं जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते समोर खलबत्त्यात खडीसाखर कुटत होतं.

टोपात खड्या मिठाचा बोटभर थर पसरला, मधे कडं ठेवलं, झाकण घालून गॅस मोठा केला. मीठ तडतडू लागलं. सखूबाईने लादी तुपाचा हात लावलेल्या थाळीत अलगद उतरवली. कडा सारख्या करताना ठसे पुसले जाणारच होते. ते पुसताना तिला इतकं हलकं वाटलं, की लाजच वाटली.

"आई."

तिने वर पाहिलं. दिपेशचा बत्ता हवेत थांबला होता. तिचं मनगट अजून कपाळावर होतं.

"काय रं?"

"काय नाय." तो पुन्हा कुटू लागला.

वरून दुधाचा हात, बदामाचे काप, कुटलेली साखर. थाळी टोपात गेली, झाकणावर वरवंटा बसला. मग दोघं ओट्याला टेकून उभी राहिली. सांगून टाकावं, असं तिला दर मिनिटाला वाटत होतं. सांगितलं तर याची बायको आपण दुसऱ्यांदा नेली असं होईल. नाही सांगितलं आणि यानं एका घासात ओळखलं, तर?

आधी लोण्याचा वास आला, मग दालचिनीचा. पंखा नव्हता, वारा नव्हता. वास घरात गोळा होत गेला आणि दाराबाहेर जिन्यात चढला. थोड्या वेळाने जिन्यावर भरभर पावलं वाजली आणि मीना दारात येऊन थांबली. धापा टाकत होती. तिने आधी ओट्याकडे पाहिलं, मग दिपेशकडे, मग नजर खाली घातली.

"काकू, मला वाटलं…" ती म्हणाली. "म्हणजे वास आला ना. मी भांडी तशीच टाकून पळत आले. येडी हाय मी."

"ये, बस," सखूबाई म्हणाली.

"नको. येते मी." दोन पायऱ्या चढून ती थांबली. "नमिताताई आल्यावानीच वास येतोय, काकू."

वास तर हुबेहूब उतरला होता. सखूबाईला आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या अंगावर काटा आला.

थाळी बाहेर निघाली तेव्हा कडा बदामी झाल्या होत्या आणि साखरेचे खडे तसेच पांढरे होते. गरम असतानाच दिपेशने सुरीने उभे-आडवे काप केले. एक तुकडा उचलला, बोटांत नाचवत फुंकला आणि तोंडात टाकला. सखूबाई त्याच्या जबड्याकडे बघत होती. तो सावकाश चावत होता. त्याचे डोळे भरले, वाहिले, त्याने ते पुसलेही नाहीत. गिळून झाल्यावर त्याने ओट्यावर दोन्ही हात टेकले आणि मान खाली घातली.

मग त्याने दुसरा तुकडा उचलला आणि तिच्यापुढे धरला.

"तू खा."

"मला नको रं. माज्या दातान…"

"आई, आज तरी खा. दर वेळी वाटी रिकामी बघून ती विचारायची, आईंनी खाल्लं का? मी हो सांगायचो. तिला खरं काय ते ठाऊक होतं, तरी विचारायची."

सखूबाईने तुकडा घेतला. साखरेचे दोन खडे लुगड्यावर पडले. तिने तोंडात टाकला. दाताला काही अडकलं नाही. जिभेवर ठेवताच ते विरघळून वाळूसारखं पसरलं, मग लोणी, मग दालचिनी, मग साखरेचा एक खडा कुरकन फुटला. बरं होतं. बरं कसलं, फार चांगलं होतं. चार वर्षं एवढी चांगली वस्तू वाटीत झाकून तिची वाट बघत होती, आणि आज खाल्ली तीही नमिताच्या हातची नव्हे. सगळं गिळायला वेळ लागला.

"दिपेश," ती म्हणाली, "तिचं असंच लागायचं का रं?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय विचारलं ते. दिपेशचा हात थाळीवर थांबला. त्याने आईकडे पाहिलं, तिच्या हातांकडे पाहिलं. जाड बोटं, नखांत अडकलेलं पीठ. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"असंच," तो शेवटी म्हणाला. त्याने आणखी एक तुकडा उचलला, मोडला, अर्धा तिच्या तळहातावर ठेवला. "फक्त ती दालचिनी कमी घालायची, आई. पुढच्या वेळी कमी घाल."