अंगणाची याचिका

लेकीच्या, कीर्तीच्या हळदीला अख्खा गाव विठाच्या अंगणात लोटला होता. लग्नाची गाणी म्हणणाऱ्या म्हाताऱ्या जनाबाईंनी धवला उचलला, तिसऱ्या कडव्यावर आल्या आणि पदर तोंडाला लावून खोकत सुटल्या. आनंदनगर एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीने गॅस सोडला होता. पोरं ओकली. पाहुण्यांनी ताटं तशीच टाकून रिक्षा गाठल्या. हळदीने माखलेली कीर्ती दारंखिडक्या लावून आत रडत बसली.

अंबरनाथजवळच्या त्या गावाला वास नवा नव्हता. पण त्या संध्याकाळी विठाचं डोकं फिरलं ते फिरलंच.

लग्नानंतर कंपनीचा मॅनेजर मिठाई घेऊन आला. म्हणाला, "मावशी, पुढच्या कार्याला बदलापूरला एसी हॉल देतो."

"आनि रोज सांजच्याला बसायला कुठला हॉल देशील?" विठाने विचारलं आणि खोका उचलून त्याच्या गाडीच्या बॉनेटवर नेऊन ठेवला.

उल्हासनगरच्या वकील वृंदाताईंनी विठाच्या वतीने हायकोर्टात याचिका केली. कंपनीचे वकील उठले. "कोणी दगावलं नाही, कोणी ॲडमिट नाही. बाईंचा आनंद गेला, एवढीच तक्रार. घटनेत आनंदाचा हक्क कुठे लिहिलाय?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. विठाची कानशिलं तापली. हसणाऱ्यांतल्या एकेकाला अंगणात आणून बसवावं, असं तिला झालं.

"शब्द लिहिलेला नाही," वृंदाताई म्हणाल्या. "पण एकविसाव्या कलमातलं जगणं म्हणजे नुसता श्वास चालू असणं नव्हे, माणसासारखं जगणं, असं कोर्टांनीच सांगितलंय. स्वतःच्या दारात गाता येत नसेल, तर ते कसलं जगणं? आणि इथे तर श्वाससुद्धा धड नाही."

न्यायमूर्ती हसल्या नव्हत्या. निकाल लागेपर्यंत गॅस सोडायचा नाही, असा हुकूम झाला.

काही दिवस बरे गेले. मग एका रविवारी दुपारी वास परत आला.

"अवमानाचा अर्ज करू, उद्याच," वृंदाताई फोनवर म्हणाल्या.

विठाला उद्यापर्यंत दम निघेना. गावातल्या बायका घेऊन ती कंपनीच्या गेटसमोर रस्त्यातच बसली. आतून भरलेला टँकर निघाला, तो अडला. वॉचमन म्हणाला, "मावशी, घरी जाऊन बसा ना."

"घरीच बसायचंय रं मला. बसू देता कुठं?"

त्याने आत फोन लावला. थोड्या वेळाने चिमणीतला पिवळा धूर विरळ झाला आणि थांबला. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. कोणीतरी हसलं.

विठा हसली नाही. "म्हंजे गॅस कवाबी बंद करता येत व्हता," ती म्हणाली. तिचा राग आणखीच चढला.