गॅलरीतली शिंगे

गॅलरीच्या भिंतीतला स्क्रू गंजून घट्ट बसला होता. मुलीने पेचकसावर सगळा भार टाकला तेव्हा कुठे तो कुरकुरत फिरला, आणि फळीसकट हरणाची दोन्ही शिंगे तिच्या हातात आली. उन्हाने त्यांचा रंग पार खाऊन टाकला होता. खडूसारखी पांढरी पडलेली ती शिंगे नुसता हात लावला तरी बोटांना भुकटी देत होती.

"ती कशाला काढतेस?" आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले.

मुलीने सांगितले की ती त्यांना मूळ रंग आणणार आहे. फर्निचरच्या कारखान्यात ती पॉलिशचे काम करायची. उडालेला रंग परत आणणे हे तिचे रोजचेच. शिवाय बाबांच्या डॉक्टरीणबाई मागेच म्हणाल्या होत्या की ओळखीच्या वस्तू त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवत जा.

"राहू दे. आहेत तशी बरी आहेत."

"अगं, बाबा त्यांना वाळक्या फांद्या म्हणतात."

"म्हणू देत." आईने हातातले फडके झटकले, त्यात काही नसताना पुन्हा एकदा झटकले, आणि ती आत गेली.

बाबा उभा जन्म टपालगाडीवर ड्रायव्हर होते. त्यांची फेरी डोंगरापलीकडच्या जंगलातून जायची, आणि शाळेला सुट्टी असली की मुलीच्या धाकट्या भावाला ते शेजारी बसवून न्यायचे. अशाच एका फेरीत बापलेकांना ही झडलेली शिंगे सापडली होती. धाकट्याने ती आतल्या खोलीत आपल्या पलंगाच्या वर लावून घेतली. पुढे तो मोठा झाला, नोकरीला लागला, आणि एका पहाटे हमरस्त्यावर त्याच्या मोटारसायकलला ट्रकने उडवले. तो गेला, आणि वर्ष उलटायच्या आत बाबा एकेक गोष्ट विसरू लागले. आधी किल्ल्या, मग शेजारी, मग दिवस. खोलीला रंग द्यायचा म्हणून आईने शिंगे बाहेर गॅलरीत ठोकली. रंग देऊन झाला तरी ती तिथेच राहिली. मुलगी रविवारीच काय ती यायची. तिने कधी विचारले नाही.

कारखान्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी शिंगे उलटसुलट करून पाहिली. "हरणानं धुलाईला टाकली होती काय?" ते म्हणाले. मग ती कोणाची हे कळल्यावर त्यांनी आपणहून जांभळ्या खड्यांची बाटली काढून दिली. विहिरीत टाकतात तेच खडे.

मुलीने शिंगे साबणाच्या कोमट पाण्याने धुतली, सावलीत वाळवली, आणि हातमोजे चढवून खड्यांचे पाणी ब्रशने लावले. पहिल्यांदा शिंगे भडक जांभळी झाली. बघवेना. मिस्त्री म्हणाले, दम धर. आणि खरेच, हळूहळू तो जांभळेपणा विझत गेला आणि खालून तपकिरी रंग वर आला, ओल्या मातीसारखा. तिने बुंध्याच्या खडबडीत गाठींवर आणखी दोन हात दिले. हरीण झाडाला शिंगे घासते तेव्हा टोके उजळ होतात. तेवढी टोके तिने बारीक पॉलिशपेपरने घासून हस्तिदंती काढली. शेवटी मेण लावून कापडाने चोळताना तिच्या लक्षात आले की आपण मघापासून गुणगुणतो आहोत. भाऊ गेल्यापासून तिला गुणगुणायची सवय राहिली नव्हती.

रविवारी दुपारी ती शिंगे घेऊन आली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. गेल्या खेपेला त्यांनी तिला नर्सबाई म्हटले होते. तिने फळी त्यांच्या मांडीवर ठेवली.

बाबांनी अंगठा बुंध्याच्या गाठींवरून फिरवला. मग टोकापर्यंत नेला. पुन्हा खाली आणला. त्यांचा वाकलेला कणा जरासा ताठ झाला.

"इंजिन तापलं होतं," ते म्हणाले.

आई भांडी घासत होती. नळ बंद झाल्याचा आवाज आला.

बाबा बोलत राहिले. कित्येक महिन्यांत त्यांनी एक वाक्य धड पुरे केले नव्हते, आणि आता गाडी घाटात कशी थांबली, पाण्याचा डबा घेऊन दोघे ओढ्याकडे कसे उतरले, पोराच्या नव्या बुटात चिखल कसा गेला आणि आई रागावेल म्हणून तो कसा एका पायावर उड्या मारत चालला, हे सगळे ते नीट क्रमाने सांगत होते. पालापाचोळ्यात पोराला एक शिंग दिसले, इथवर ते आले आणि थांबले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"तो कुठाय?"



"शिकवणीला गेलाय," आई दारातून म्हणाली. आवाजात ना कंप, ना घाई. "येईल इतक्यात."

बाबांनी मान डोलावली आणि ते पुन्हा शिंगांवर बोटे फिरवू लागले.

मुलीने आईकडे पाहिले. असे वाक्य कोणी पहिल्यांदा बोलत नाही.

"आधी मी खरं सांगायची," आई हलक्या आवाजात म्हणाली. "ते रडायचे. जसं काही तेव्हाच कळलंय. दुसऱ्या दिवशी त्या खोलीत गेले, शिंगं बघितली, की पुन्हा तेच. रोज नव्यानं. मग शिकवणी सुरू केली. पण मग दिवे लागले तरी दारात बसून राहायचे, जेवायचे नाहीत." तिने हात पदराला पुसले. "तुला काय सांगणार? टाकून द्यायचा धीर होईना. म्हटलं, ऊनच काय ते करील."

बाहेर कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. मुलीने वाकून बाबांच्या मांडीवरची फळी धरली.

"नेते मी. गॅलरीत नको, माझ्याकडेच नेते."

बाबांनी हात काढला नाही. आणि दोघांच्या हातांवर आईचाही ओलसर हात येऊन पडला.

"थांब," ती म्हणाली.

तिने भिंतीजवळचे स्टूल ओढले आणि ती बाबांच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली. शिंगांकडे तिने पाहिलेच नाही. ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"अहो, एक सापडलं. मग दुसरं?"

"दुसरं त्यानंच शोधलं," बाबा म्हणाले. "येऊ दे त्याला. तो छान सांगतो."

"तो सांगेलच हो," आई म्हणाली. "तोवर तुम्ही सांगा."