शिंगाच्या मापात मावेल तेवढेच

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, केंटकीतल्या एका डोंगरी गावाच्या नेमबाजीच्या मैदानावर, डॅलस स्टॅम्परने मला टेबलाच्या कडेला सरकवले आणि माझ्या जागी बॅटरीवरचा वजनकाटा मांडला.

मी एक जुने माप आहे, मित्रांनो. ठासणीच्या बंदुकीत किती दारू घालायची ते ठरवणारे. डॅलसच्या वडिलांनी, एल्झींनी, हरणाच्या शिंगाचे टोक पोखरून मला घडवले. थोडे पोखरायचे, दारू भरायची, बार काढून नेम पाहायचा, पुन्हा थोडे पोखरायचे. बंदुकीला मानवले तिथे त्यांनी हात थांबवला आणि माझ्या अंगावर सत्तरचा आकडा कोरला. सत्तर ग्रेन काळी दारू, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. नेमबाजीच्या स्पर्धेत बक्षीस म्हणून बैलाच्या मांसाचा मागचा पाव हिस्सा जिंकला, की एल्झी मला शर्टाला पुसून खिशात ठेवत. ते गेले आणि मी खिळ्यांच्या डब्यात पडले.

गावच्या दुकानात आता काळी दारू येत नाही. तिच्याऐवजी नवी मिळते, वजनाला बरीच हलकी, पण तेवढ्याच मापात जोर तितकाच. मापाने घ्या, तोलून घेऊ नका, असे डब्यावर लिहिलेले असते. डॅलसने ते वाचले नव्हते. काट्यावर सत्तर आले की तो दारू कुपीत भरी.

मैदानाची देखरेख त्याची धाकटी बहीण व्हर्ना करते; मला खिळ्यांतून काढून टेबलावर तिनेच ठेवले होते. तिने एक कुपी उचलली आणि माझ्यात रिकामी केली. मी काठोकाठ भरले. उरलेली दारू टेबलावर सांडली.

"जे यात मावत नाही, ते बंदुकीत जाणार नाही," ती म्हणाली. "नळी फाटेल. गाल तुझाच असतो तिथे."

"झिजलंय ते शिंग."

"झिजलं असतं तर जास्त मावलं असतं, डॅलस. शाळेत तू झोपायलाच यायचास का?"

लोक हसले. हसायला नको होते. डॅलसचे कान लाल झाले. बाबांचे शिंग तूच पूज, असे म्हणून त्याने कुप्या खिशात कोंबल्या, बंदूक गाडीत टाकली आणि तो निघून गेला.

मला तोलता येत नाही, आणि त्याची मला लाज नाही. काट्याशी माझे वैरही नाही. काळ्या दारूचे वजन तो चोख सांगतो. पण दारू बदलल्यावरही काळ्या दारूचाच आकडा हलक्या दारूला लावायचा, हे मला मान्य नाही. मागासलेले म्हणा, पुन्हा खिळ्यांत फेका, एक कणही मी जास्त घेणार नाही. मित्रांनो, जुने माप टाकून देण्याआधी ते काय मोजते एवढे तरी विचारा.

डॅलसची गाडी ओढ्यापलीकडच्या त्याच्या कुरणाकडे वळलेली लोकांनी पाहिली. मला मुठीत धरून व्हर्ना त्याच रस्त्याने निघाली आहे. तो फोन उचलत नाही. कुरणाकडून अजून बार ऐकू आलेला नाही.