मालकाचं नाव

दुष्काळानं गावातलं दूध आटलं, दूध सोसायटीचे कॅन उलटे पडले, आन तिच्या रिकाम्या खोलीत अजीज मिस्त्रीच्या जाहेदानं प्रदर्शन मांडलं. पोरगी शहरातून चित्रकला शिकून आली म्हणं. मला वाटलं, मोर असतील, झाडं असतील. कशाचं काय! भिंतभर नुसते कागद आन त्यांवर हातभर अक्षरात छापलेलं: 'आवो'. 'ऐकलं का'. 'पोराचे बाप'.

"हे काय गं माय?"

"मावशी, गावातल्या बाया नवऱ्याला जशा हाका मारतात, ते शब्द हायत."

"आगं, हे तर मी दिवसभर वरडतीच की! त्याला चांगला कागद कावून नासायचा?"

शेवटचा कागद तर कोराच. बिनशाईची अक्षरं दाबलेली, बोट फिरवलं की लागायची. "हे नवऱ्याचं नाव," जाहेदा म्हणली. "तुमी कुणीच घेत न्हाई ना. तुमी घ्या, मी शाई लावते."

"मुडदा बशिवला तुझ्या शाईचा! नाव घेतलं की धन्याचं आयुष्य घटतं, तुला कुणी सांगितलं न्हाई का?"

आदीच काय कमी ताप होता माझ्या डोक्याला? दिवाळीपासून मालकाला काही उमजत न्हाई. माझ्याच हातची भाकर खातात आन मलाच पुसतात, "बाई, तुमचं गाव कंचं?" घरी एकटं ठेवायची सोय न्हाई, म्हणून संगं आणून दारात उलट्या कॅनवर बसवलं होतं. जाहेदाशी भांडून वळले, तर कॅन रिकामा.

तेवढ्यात शेजारची छबुबाई वरडत आली, "बायनाबाई, तुझे मालक हिरीवर!"

सोसायटीमागची हीर. कठडा न्हाई, तळाला नुसते धोंडे. मालक काठावर वाकून आत बघत होते. माणसं लांबून नाव घेऊन हाका मारत होती. मालकांना पत्ताच न्हाई. कुणी जवळ गेलं की ते अजून पुढं सरकायचे.

"आवो!" मी वरडले. "ऐकलं का! पोराचे बाप!" भिंतीवरचे सगळे शब्द वरडून झाले. त्यांच्या पायाखालची माती ढासळाया लागली.

देवा, घटलं तर घटू दे आयुष्य. आत पडले तर राहील काय?

"आश्रुबाऽ!"

मालक थबकले. वळले. तरातरा माझ्याकडं आले, डोळे लालबुंद.

"काय गं बायने! चार माणसांत नवऱ्याचं नाव घेतीस? लाज हाय का तुला?"

मी मटकन खाली बसले आन त्यांचं धोतर दोन्ही हातांनी धरलं. जाहेदा मागं येऊन उभी राहिली. "मावशी, आता कागदाला शाई लावू का?"

"गप बस गं मेले," मी म्हणलं. "मालक मला बोलायलेत, ऐकू दे."