माझ्या अंगावरचे वार्निश

दगडाला राग येत नाही असे तुम्हाला कोणी शिकवले असेल, तर मित्रांनो, त्या शहाण्याला एकदा आमच्या तिआबाया गावाला पाठवून द्या. मी कासिमिराच्या खानावळीतला पाटा आहे. इथले लोक मला बातान म्हणतात. वय नव्वदच्या पुढे, वजन चार गड्यांना न पेलणारे, आणि गेल्या वर्षी माझा जो अपमान झाला तो आठवला की अजूनही मी उन्हात नसताना तापतो. सगळे सांगतो. मध्ये बोलू नका.

मी नदीच्या पात्रातला काळा दगड. अपोलिनार नावाच्या पाथरवटाने मला अकरा दिवस ठोकले आणि बारा खेचरांच्या तांड्याच्या वाटेवरून ओंडक्यांवर ओढत इथवर आणले. कासिमिराची आजी एदुविखेस बाहेर आली. तिने माझ्या पोटावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "याला अजून दात कुठेत? गुळगुळीत दगड मला काय बसायला हवाय?" बिचाऱ्याने पुन्हा टाकी घेतली. मग तिने माझ्यावर तीनदा कोरडा मका भरडला आणि तीनही वेळा तो कोंबड्यांपुढे टाकला. चौथ्या वेळी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवले, कच लागली नाही, तेव्हा मला घरात घेतले.

माझ्यावर अर्धचंद्रासारखा एक दगड असतो. त्याला इकडे दगडाचे पिल्लू म्हणतात. दोन्ही हातांनी ते पिल्लू धरायचे आणि डावीकडून उजवीकडे झुलवायचे. खाली आधी जाडे मीठ, मग लसूण, रोकोतो मिरची, वाकाताय नावाच्या उग्र वासाच्या झुडपाचा हिरवा पाला. मिरची चिरडत नाही, हळूहळू सुटत जाते. शेवटी तेलाचे चार थेंब. झाली आमची चटणी, यातान! उकडलेला बटाटा, शेंगांतले ओले दाणे, चीज, काहीही त्यात बुडवून खा. आमच्याकडे सोमवारचे सूप सोमवारी आणि शुक्रवारचे शुक्रवारीच होते, वार चुकला तर गिऱ्हाईक भांडायला उठते. पण यातान रोज असे, आणि माझा गडगड आवाज ऐकून गल्लीतले लोक हात धुऊन घेत.

मला आंघोळ पाण्याची आणि मिठाची. साबण कधीच नाही, कारण मी पितो. जे लावाल ते आत घेतो आणि पुढच्या वाटणाला परत देतो. घरातल्या बायकांना हे ठाऊक होते. आजीकडून आईला, आईकडून कासिमिराला ते आपोआप मिळाले. पुरुषाचा हात मला लागता कामा नये, हा या घरचा कायदा होता. कासिमिराचा मुलगा विल्बेर लहानपणी एकदा पिल्लाला हात लावायला आला, तर म्हाताऱ्या एदुविखेस आजीने पळीने त्याची बोटे लाल केली. मला तेव्हा फार बरे वाटले होते. हे मी आज मान खाली घालून सांगतो आहे, पुढे कळेल का ते.

शेजारच्या घरात ओतिलिया नावाची मुलगी वाढली. ती मोठी होऊन लिमाला गेली आणि तिथे तिने शिवणकामाचे दुकान काढले. दर ऑगस्टमध्ये ती पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गावी येते आणि ती सगळी सुट्टी खाण्यात घालवते. रविवारी सकाळी चर्चपाशी डुकराच्या मटणाचा अदोबो, दुपारी चौकातल्या गाडीवरचे दुधाचे बर्फ, संध्याकाळी पुलाजवळ तळलेली कोळंबी. पण बसमधून उतरल्यावर पहिले ताट आमचे. बॅगा बाकाखाली ढकलायच्या, हात न धुताच बटाटा बुडवायचा आणि कासिमिराशी वाद घालायचा.

"मावशी, खरं सांगा, यात काय घालता?"

"जे तुझ्या वहीत लिहून दिलंय तेच."

"मग माझं गवतासारखं का लागतं? मिक्सरमध्ये सगळं मोजून टाकते मी."

"पाटा घे एक."

"तिसऱ्या मजल्यावर? खालचे लोक पोलीस बोलावतील!"

लांब टेबलाच्या टोकाला रोजचा म्हातारा सेनोबिओ बसलेला असे. तो चिचाचा, म्हणजे मक्याच्या दारूचा, पेला खाली ठेवून म्हणे, "अगं पोरी, घरी तसं झालं तर तू इथे येशील कशाला? देवाचं देणं समज." सगळे हसत. मीही, म्हणजे माझ्या पद्धतीने, हसे. अठरा वर्षे हा वाद मी ऐकला आणि अठरा वर्षे त्यात माझा विजय झाला.

मग कासिमिराचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी झुलवायचे बंद करायला सांगितले. तिला मुलगी नाही, भाची नाही. विल्बेर लिमातली नोकरी सोडून मदतीला आला. मुलगा मनाने वाईट नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करतो. त्याने मिक्सर आणला आणि आईला म्हणाला, "खांदा बरा होईपर्यंत." खांदा बरा व्हायचा होता तो झालाच नाही. मिक्सर पडद्यामागे राहिला. गिऱ्हाइकांना आवाज जाऊ नये म्हणून तो सुरू केला की विल्बेर रेडिओ मोठा करी. सेनोबिओ कानात बोट घालून म्हणायचा, "हल्ली गाणारे ओरडतात फार. आमच्या वेळी रडायचे."

इथपर्यंतही मी सहन केले. दुखणे कोणालाही येते. पण बाहेरच्या फळीवर विल्बेरने खडूने काय लिहिले होते? 'आमचे यातान दोनशे वर्षांच्या बातानवर वाटलेले.' मी नव्वदीचा! आणि वाटले कोणी? माझे वय खोटे, माझे काम खोटे, आणि त्या खोट्याला नाव माझे!

पर्यटक येऊ लागले. त्यांना मला पाहायचे असे. विल्बेरला वाटले, पाटा मळकट दिसतो, फोटोत उठत नाही. एका सणाच्या दिवशी खानावळ बंद असताना त्याने डबा आणला, ब्रश आणला आणि माझ्या अंगाला वार्निश फासले. एक हात नव्हे, तीन! माझ्या दातांच्या फटी भरल्या. नव्वद वर्षे श्वास घेणारे माझे पोट काचेसारखे बंद झाले. पिल्लाला वर खिळल्यासारखे चिकटवले. भोवती लाल दोरी बांधली आणि माझ्यावर, मित्रांनो, माझ्यावर प्लास्टिकच्या मिरच्या ठेवल्या. कासिमिरा बाजारातून आली, दारात थांबली. खांदा धरून आत गेली. तिने तेव्हा डबा उचलून त्याच्या डोक्यात घातला असता तर मी तिचा जन्माचा ऋणी झालो असतो.

ऑगस्ट आला आणि ओतिलिया आली. बॅगा बाकाखाली गेल्या. विल्बेरने ताट मांडले. तिने बटाटा बुडवला, तोंडात टाकला, थांबली. पुन्हा बुडवला. मग तिचा चेहरा असा उजळला की मला वाटले आता ती नाचते की काय.

"मावशी! जमलं हो मला!"

"काय जमलं?" कासिमिरा चुलीपाशी होती.

"यातान! माझ्या घरी अगदी असंच होतं. अगदी हेच! अठरा वर्षं मी उगाच स्वतःला नावं ठेवत होते."

विल्बेर खूश होऊन म्हणाला, "बघितलंस आई? लिमातसुद्धा आपली चव पोचली."

कासिमिराच्या हातातला झारा तसाच राहिला. त्या खानावळीला याहून मोठी शिवी आजवर कोणी दिली नव्हती, आणि देणारी आनंदाने डोळे पुसत होती. सेनोबिओने पेला ठेवला, बटाटा चाखला आणि हळूच म्हणाला, "मला वाटलं माझी जीभ म्हातारी झाली. सहा महिने मी गप्प बसलो, कासी."

कासिमिराने पडदा ओढून काढला. मिक्सर सगळ्यांना दिसला, त्यात हिरवा फेस होता. "ओतिलिया, तुझं जमलं नाही गं," ती म्हणाली. "आमचं बिघडलं. लोकांना मी खोटं खायला घालते आहे. आजीच्या नावावर." तिने झारा खाली ठेवला. "याच्यापेक्षा दार लावलेलं बरं. आजच लावते."

"आई, चार लोकांसमोर काय हे?" विल्बेर लाल झाला. "तू वाटू शकत नाहीस. मग मी काय करायला हवं होतं? मला कोणी शिकवलं? हात लावला तर पळी मारलीत तुम्ही! दगड पितो, साबण नको, फक्त मीठ-पाणी, हे सगळं एकमेकींच्या कानात सांगितलंत. मला कोणी सांगितलं? मला तर वाटलं, मी याची काळजी घेतोय."

माझा सगळा राग तिथेच थबकला. पोराचे खरे होते. त्या पळीच्या वेळी खूश झालेला मीच होतो ना!

कासिमिराने माजघरातून टाकी आणि हातोडी आणली आणि त्याच्यासमोर टेबलावर ठेवली. "चढवलंस तू. उतरवायचंही तूच. आणि नंतर वाटायचंही तूच. आजी वरून शिव्या देईल, त्या मी ऐकेन."

मित्रांनो, पुढचे नऊ दिवस विल्बेरने मला ठोकले. खानावळीच्या दाराला कासिमिराने कडी लावून ठेवली होती. पहिल्या दिवशी पिल्लू सोडवताना त्याने स्वतःचा अंगठाच जास्त ठोकला. ओतिलिया कोळंबी विसरली, अदोबो विसरला आणि माझ्या शेजारी जमिनीवर बसून त्याला सांगत राहिली, कुठे अजून चकाकते आहे ते. सेनोबिओ बाहेरून खिडकीत उभा राहून विचारी, "अरे, पाटा करतोयस की चाळणी?" टाकीचा प्रत्येक घाव मला लागत होता. मी बोटभर झिजलो. कोरडा मका भरडला, कोंबड्यांनीसुद्धा तोंड फिरवले. दुसऱ्यांदा भरडला, त्यांनी थोडा टिपला. पाचव्यांदा कासिमिराने चिमूट जिभेवर ठेवली आणि मान हलवली.

ओतिलियाची परतीची बस त्याच दुपारी चारला होती. विल्बेर गुडघ्यांवर बसला, पिल्लू धरले आणि झुलवू लागला. वाकडे, अडखळत. मिरचीचे हात डोळ्याला लावले आणि ढसाढसा रडला, तरी थांबला नाही. कासिमिरा मागे उभी राहून डाव्या हाताने त्याचे कोपर ढकलत होती. "खांद्यानं नको. कमरेनं. माझ्यासारखं करून घेऊ नकोस."

ओतिलियाने उभ्याउभ्याच बटाटा बुडवला. बराच वेळ चघळला. मग वहीतले यातानचे ते पान फाडले आणि चुलीत टाकले.

"घरी हे नाही व्हायचं," ती म्हणाली आणि बॅग उचलून बससाठी पळत सुटली. कासिमिराने दाराची कडी काढली.

जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला सगळेच सांगतात. मी नाही सांगणार. मला जपलेच होते! दोरी बांधून, चकाकी लावून, फोटो काढून. त्या जपण्याने माझा जीव चालला होता. मला कौतुक नको, मला मिरची हवी. आणि ज्यांच्या हातावर तुम्ही पळी मारली असेल त्यांना जवळ बसवून शिकवा, नाहीतर एक दिवस ते प्रेमाने ब्रश घेऊन येतील.

माझा राग गेला आहे असे समजू नका. माझ्या डाव्या कुशीला एक चकाकता डाग अजून आहे. पण आता विल्बेर हात धुऊन माझ्यासमोर गुडघे टेकतो आहे, आणि त्याने आज पुन्हा मिठाच्या आधी लसूण घेतला आहे. तोंड असते तर ओरडलो असतो. तोंड नाही, म्हणून मी त्याच्या हाताखाली नीट स्थिर राहतो.