शुक्रवारचा केक

आमच्या गॅरेजात चूक करणाऱ्याने शुक्रवारच्या कॉफीला केक आणायचा, असा दंड आहे. किनाऱ्यावरच्या बहुतेक गॅरेजांत तो असतो, पण आमच्याइतक्या कसोशीने कुणी वसूल करत नाही. गुनवोरने पाच महिन्यांत सात केक आणले. त्यातले चार माझ्यामुळे. हे मी आता सांगतो, कारण आता सांगून माझं काही जाणार नाही.

ती एक्कावन्न वर्षांची. तीस वर्षं मासेमारीच्या बोटींवर इलेक्ट्रिशियन होती. वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून बोट सोडून गावात आली. ऐंशी किलोमीटरमध्ये गॅरेज एकच, आमचं. सहा महिने नीट गेले की नोकरी कायम आणि म्हातारा घरात. नाहीतर ती परत बोटीवर आणि तो वृद्धाश्रमात. हे तिने पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. असल्या गोष्टी गॅरेजात सांगायच्या नसतात.

मी फोरमन. ट्रकच्या वायरिंगचं काम बावीस वर्षं मीच बघत आलो. मालक तोरलाइफने तिला माझ्या शेजारचं टेबल दिलं आणि हसत म्हणाला, ओड्वार, हिच्याकडून शीक काहीतरी. ते माझ्या डोक्यात गेलं.

एका ट्रकची अर्थिंगची वायर जिथे चेसिसला जोडतात, त्या बोल्टखाली मी बायकोचं नेलपॉलिश फासलं. बिनरंगाचं, अगदी पातळ. मीटर लावला की चोवीस व्होल्ट पुरे दाखवणार, पण दिव्यांचा भार पडला की करंट काही पोचणार नाही. गुनवोरने मीटर घेऊन दीड दिवस घालवला आणि केक आणला. पुढच्या ट्रकला मी तेच केलं, तेव्हा तिने मीटर बाजूला ठेवला, वायरीला एक मोठा बल्ब जोडला आणि दहा मिनिटांत नेमका तोच बोल्ट खोलला. त्याचा वॉशर नाकाशी नेला.

"गंजाला असला वास नसतो," एवढंच म्हणाली. ब्रश मारला, बोल्ट आवळला आणि पुढच्या गाडीकडे गेली. तिने मला चार शिव्या हासडल्या असत्या तर मी बहुतेक तिथेच थांबलो असतो.

मार्चमध्ये ट्रकड्रायव्हर एलिफचा सॅमन मासे वाहणारा ट्रक आला. या खेपेला मी नुसता मागच्या दिव्यांचा फ्यूज काढायचो, आणि ती हत्यारं आणायला गेली की परत बसवायचो. तिने बघावं तर दिवे लख्ख. तिने काम झाल्याची सही करायला जावं तर पुन्हा अंधार. दोन दिवस ती जो बिघाड नव्हताच तो शोधत होती. आमची मंडळी कॅन्टीनच्या काचेतून मजा बघत होती. बाईसाहेब, या वेळी चॉकलेटचा आणा, असं कुणीतरी ओरडलंही. ती चेसिसखाली आडवी पडून एकेक वायर हाताने चाचपत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती कोपरापर्यंत काळी होऊन कॅन्टीनमध्ये आली.

"दिव्यांचं मला सापडलं नाही," ती म्हणाली. "पण बॅटरीकडून स्टार्टरला जाणारी जाड केबल चेसिसच्या आडव्या पट्टीला घासतेय. रबर गेलंय, तांबं दिसायला लागलंय. तिला मध्ये फ्यूज नाही, ओड्वार. चिकटली तर गाडी पेटेल. सोडू नकोस."

"केक चुकवायला बरं शोधून काढलंस," मी म्हणालो.

सगळे हसले. केबल बघायला उठून चाळीस पावलं जायचं होतं. मी गेलो नाही.

जॉब कार्डावर तिने लाल पेनने लिहिलं, गाडी सोडू नये, केबल उद्या बदलते. मग वडिलांना भरवायला घरी गेली. तासाभराने एलिफ आला. मासे बर्फात खोळंबले होते आणि त्याला फेरीबोट गाठायची होती. मी फ्यूज जागेवर बसवला, तिचं कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं: तपासली, ठीक आहे. खाली तिचं नाव घातलं.

फेरीच्या रांगेत गाडी पेटली. मागेपुढे गाड्या होत्या, आत माणसं होती. एलिफने उघड्या हातांनी ती केबल बॅटरीवरून उपटली. त्याचे दोन्ही तळवे भाजून गेले.

तोरलाइफने सगळ्यांसमोर कार्ड वाचलं. गुनवोर म्हणाली, मी वेगळं लिहिलं होतं, आणि यांना सांगितलंही होतं. त्याने मला विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्याने बाकीच्या पाच जणांना विचारलं. पाचही जण आपापल्या कपात बघत राहिले. तिला नोकरी सोडायला शुक्रवारपर्यंतची मुदत मिळाली. म्हाताऱ्याला गुरुवारीच वृद्धाश्रमात पोचवलं.

शुक्रवारी कॉफीच्या वेळेला ती केक घेऊन आली. चॉकलेटचा. टेबलावर बरोबर माझ्यासमोर ठेवला.

"हा दंड तुझा आहे," ती म्हणाली. "तू आणणार नाहीस, म्हणून तुझ्या वतीने मी आणला."

तिने शांतपणे तुकडे कापले, प्रत्येकाला वाढले. एक वेगळ्या बशीत काढून माझ्याकडे सरकवला.

"हा एलिफचा. दवाखान्यात नेऊन दे. तुला भरवावा लागेल, त्याला हातात धरता येत नाही."

मग ती आपली हत्यारांची पेटी उचलून गेली. तिच्याकडे बघायची कुणाची छाती झाली नाही. पण केक चांगला झाला होता, सगळ्यांनी खाल्ला. एलिफचा तुकडा गॅरेज बंद होईपर्यंत टेबलावर तसाच होता. मग तोही मीच खाल्ला.