काखेतली रायफल

त्या चित्रपटातल्या नऊ मुलांचे गणवेश मी शिवले. गोष्ट युद्धात पळवून नेलेल्या पोरांची, आणि काम करणारी मुलं बारा-तेरा वर्षांची. कपडे नवे दिसायला नको होते, म्हणून शिवून झालेला प्रत्येक शर्ट मी विटेने घासला आणि चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. आधी जीव ओतून चांगलं शिवायचं आणि मग आपल्याच हाताने त्याची वाट लावायची, असा हा धंदा.

मुलांना बंदूक धरायला शिकवायचं काम आमच्या ह्यांना मिळालं. तेही माझ्याच शिफारशीने, तेव्हा दोष माझ्याच पदरात घाला. हे शिलाई मशीन दुरुस्त करतात. अकराव्या वर्षी ह्यांना असंच उचलून नेलं होतं, पंधराव्या वर्षी युद्ध संपलं तेव्हा सुटले. लग्नाआधी मला एवढंच सांगितलं आणि त्यानंतर वीस वर्षं मूग गिळून बसले. सेटवर मुलं ह्यांना ‘मास्तर’ म्हणायची. शिकवणाराही मास्तर आणि शिंपीही मास्तर, त्यामुळे हाक आली की मीच ओ द्यायचे. ह्यांनी त्या हाकेला कधीच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, लाजतात.

चित्रपट वर्षातल्या सगळ्यात मोठ्या पुरस्काराच्या शेवटच्या फेरीत गेला. दिग्दर्शक म्हणजे उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. निकालाआधीच सूट शिवायला टाकून मोकळा. त्याच सुटाचं फिटिंग बघायला तो माझ्या दुकानात आला, तेव्हा खिशात एक पत्र होतं.

परीक्षकांमध्ये एक निवृत्त कर्नल होते. त्यांनी लिहिलं होतं की नऊच्या नऊ मुलं रायफलचा दस्ता, म्हणजे मागचा लाकडी भाग, काखेत धरतात. दस्ता खांद्याच्या खळगीत टेकवायचा असतो, काखेत धरून गोळी झाडली तर नेम तर नाहीच, रायफलही हातातून उडेल. अनुभवी माणसाने शिकवल्याचं चित्रपटाच्या सुरुवातीला लिहिलंय, मग हे काय?

“एखाद्याने चूक केली असती तर खपलं असतं हो,” दिग्दर्शक म्हणाला. “पण नऊच्या नऊ?”

हे खाली बसून माझ्या मशीनला तेल घालत होते. मान वर न करता म्हणाले, “मग काय सांगायचं त्यांना?”

“सोपं आहे. शनिवारी परीक्षकांसाठी खेळ आहे, नंतर प्रश्नोत्तरं. तुम्ही म्हणायचं, आम्ही लहान होतो, रायफल जड होती, काखेतच धरायचो. संपला विषय. बक्षीस आपलं, आणि स्टेजवर तुमचं नाव मी स्वतः घेणार.”

“हात खाली घ्या,” मी त्याला म्हटलं, “टाचणी टोचेल.”

खरं सांगते, मला ते हवं होतं. मशीनवाल्याची आठवण लोकांना मशीन बिघडल्यावरच होते. ह्या माणसासाठी भरल्या सभागृहाने एकदा टाळ्या वाजवाव्यात आणि मी पहिल्या रांगेत बसून त्या ऐकाव्यात, एवढीच हाव होती. म्हणून मीही मागे लागले. “एक वाक्य बोलायला तुमचं काय जातंय? कोणाचं वाईट थोडंच होणार आहे?”

“बघू,” हे म्हणाले. ह्यांचं ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे वीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

शनिवारी खेळ संपला. कर्नल सभ्य माणूस, उभं राहून अगदी अदबीने प्रश्न विचारला. ह्यांनी माइक घेतला.

“साहेब, तुमचं बरोबर आहे. दस्ता खांद्यालाच टेकवतात. मी मुलांना मुद्दाम चुकीचं शिकवलं.”

दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं.

“मुद्दाम? ते का?” कर्नलनी विचारलं.

“बरोबर शिकवायला मन धजेना. मी तेरा वर्षांचा असताना नव्या आणलेल्या पोरांना शिकवायचं काम माझ्याकडे होतं. मला मास्तर म्हणायची. एकदा सहा जण आले. त्यांना मी अगदी नीट शिकवलं. दस्ता खांद्याला, गाल दस्त्याला, श्वास रोखायचा. आठवड्यात पोरं शिकली.” ह्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. “चांगली शिकली, म्हणून त्यांना पुढच्या रांगेत उभं केलं.”

कर्नल हळूच खाली बसले. एकही टाळी वाजली नाही. मला ते सहा जण ठाऊकच नव्हते, आणि ‘एक वाक्य बोला’ म्हणून मी ह्यांच्या मागे लागले होते. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुरस्कार दुसऱ्या चित्रपटाला गेला. आमच्या चित्रपटाबद्दल ‘लष्करी तपशील कच्चे’ असा शेरा होता. दिग्दर्शकाने आमच्याशी बोलणं टाकलं, सूट मात्र माणूस पाठवून नेला.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. मी कापड बेतत होते, हे समोर एका मशीनचा पट्टा बदलत होते. त्या शनिवारपासून मनात घोळत होतं ते विचारलं.

“अहो, केवढी होती ती सहा पोरं?”

कोणती, असं ह्यांनी विचारलं नाही. उठून उभे राहिले आणि तळवा खाली करून हात छातीच्या बराच खाली धरला. पोरांची मापं काढण्यात माझा जन्म गेलाय, मला पट्टी लागत नाही. छाती चोवीस इंच. सात वर्षांचं पोर, फार तर आठ. त्या मापाचे मी आजवर फक्त शाळेचे गणवेश शिवले होते.

मी कात्री ठेवली आणि तिथेच रडायला लागले. ह्यांनी हात मात्र तसाच धरून ठेवला होता, खाली कोणी उभं असावं तसा.